आंधळ्या माशाला नाव ठेवताना

आमचा दादा कधी कुणाला नावं ठेवत नाही. आमच्या घरात ते खातं पहिल्यापासून माझ्याकडे आहे. दादा कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवतो आणि मी मुलींच्या शाळेत चित्रकला. त्याच्या माशांची चित्रं काढायची, आणि काढता काढता त्या माशांना, त्यांच्या तोंडांना आणि दादाच्या एकंदर संसाराला नावं ठेवायची, हा माझा सुट्टीतला उद्योग. अशा या दादाला यंदाच्या उन्हाळ्यात एका माशाला नाव ठेवायचं होतं, आणि त्यासाठी आम्ही भाऊबहीण डहाणूला गेलो. ज्यांनी डहाणू हे नाव फक्त चिकूच्या करंडीवर वाचलं आहे, त्यांच्यासाठी ही हकीकत.

नाव आधीच ठरलं होतं; मासा तेवढा सापडायचा होता.

नाव होतं वेणू. हे आमच्या वहिनीचं माहेरचं नाव. लग्नात ताम्हणात तांदूळ पसरून, आईने आधीच पढवल्याप्रमाणे, दादाने अंगठीने ‘सुनंदा’ असं लिहिलं आणि त्या घटकेला वेणू पुसली गेली. पुढे ‘सुनंदा’ तरी त्याने कधी तोंडातून काढावं? नाही. साऱ्या संसारभर ‘अगं’ आणि ‘ऐकलंस का’ यांवरच भागवलं. वहिनी हसून म्हणायची, “जुनं पुसलंत, नवं वापरत नाही. एखाद्या माशाला तरी माझं नाव द्या, माझं स्वतःचं. माशाला तरी हाक माराल.” दादा म्हणायचा, “नवी जात सापडू दे, देतो.” जात काही सापडली नाही. मागल्या थंडीत वहिनी गेली, आणि दादाची नोकरीही आता सरत आली. एवढं एक देणं त्याच्या मनात राहून गेलं होतं.

आंधळ्या माशाची बातमीही वहिनीच्याच खात्यातली. डहाणूच्या किनाऱ्यावरच्या चिखल्याची जानकीबाई दरसाल सुके बोंबील आणि सुकट घेऊन आमच्या दारी येई. तिचं आणि वहिनीचं फार मेतकूट. तिनेच एकदा पायरीवर बसून सांगितलं होतं की आमच्या बाजूला, तलासरीकडे कुठंसं, विहिरीत आंधळा मासा असतो, त्याला डोळ्यांची भोकंसुद्धा नसतात. तेव्हा दादाने ते हसण्यावारी नेलं. वहिनी गेल्यावर मात्र ते त्याला आठवलं, आणि मग त्याला दुसरं काही आठवेना.

चिखले

जानकीबाईचं घर समुद्राकडे तोंड करून आहे. पुढे सुरूची झाडं, त्यांच्यापुढे वाळू, आणि वाळूवर बांबूच्या मांडवांना बोंबील असे ओळीने लटकलेले की दादाने आल्या आल्या त्यांची हजेरीच घेतली. वासाबद्दल मी काही लिहीत नाही. पहिल्या दिवशी तो येतो, दुसऱ्या दिवशी येत नाही आणि तिसऱ्या दिवशी आपल्याच लुगड्याला येतो.

ओसरीवर बसता क्षणी जानकीबाईने वहिनीसाठी डोळ्याला पदर लावला, मनसोक्त रडून घेतलं, आणि तोच पदर खोचून ती जेवण वाढायला उठली. मला ही रीत आवडली. आमच्या गिरगावात लोक दुःखाचं बोलायला येतात आणि चहा घेऊ की नको यातच अर्धा तास घालवतात.

जेवायला तांदळाची भाकरी आणि निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा बोटभर मासा, ज्याचे डोळे डोक्यावर बटणं शिवल्यासारखे वर आलेले असतात. दादाने एक निवटी उचलून तिच्या डोळ्यांवर व्याख्यान सुरू केलं.

“मास्तर, खावा,” जानकीबाई म्हणाली. “डोले असलेला हाय तवर खावा. तुमचा तो आंधला केवढा असल?”

“बोटाएवढा.”

“एक?”

“एक मिळाला तरी पुष्कळ.”

“एका बोटाएवढ्या मावऱ्यासाठी मुंबईवरना दोन मानसं!” तिने माझ्याकडे पाहिलं. “बाय, तुमचा भाऊस कालवन कसा करतो गो?”

तलासरी

दुसऱ्या दिवशी एसटीने तलासरीला गेलो. गाव हमरस्त्यावरच बसलेलं आहे. मुंबईच्या मोटारी एका बाजूने आणि अहमदाबादच्या दुसऱ्या बाजूने धूळ उडवत जातात, आणि गाव मध्ये बसून दोन्हीकडची धूळ सारखीच खातं. दुकानांच्या पाट्या काही मराठीत, काही गुजरातीत. हा मुलूख महाराष्ट्रात येणार की गुजरातेत जाणार यावर त्या दिवसांत तिकडे मुंबईत लोक हातघाईवर येत होते. इथे चहावाला एकाच कपात दोन्ही भाषा ढवळून देत होता.

रानात हिंडायचं तर आधी सरकारी कचेरीत सांगून जावं, असं दादाचं मत. दादा नियमाचा माणूस. कचेरीत एक वयस्क कारकून पंख्याखाली कागद दाबून बसले होते.

“कशासाठी आलात?”

“एक नवी जात शोधतो आहे,” दादा म्हणाला.

कारकुनांनी चष्मा काढला. “नवी? अहो, आहेत त्याच आम्हाला आवरत नाहीत.”

“ही कुणाच्या नोंदीत नाही. आंधळी जात आहे.”

“आंधळी? राहते कुठे?”

“जमिनीखाली. अंधारात.”

“म्हणून राहून गेली असेल,” कारकून गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या गुजराती गृहस्थांना विचारलं, आपल्या यादीत आंधळी म्हणून जात आहे का. त्यांनी जाडजूड यादीवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. “ना ना, एवी कोई नात नथी.”

गुजरातीत जातीला नात म्हणतात, हे मला माहीत होतं, दादाला नव्हतं. तो हात जोडून म्हणाला, “नाही हो, मला नात नाही. मूलबाळच नाही.”

त्या गृहस्थांना एकदम वाईट वाटलं आणि त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला. मी हसू दाबावं म्हणून खिडकीबाहेर पाहू लागले, आणि मग मला तितकंसं हसू येईना.

उलगडा केला तो चहा घेऊन आलेल्या शिपायाने. “साहेब, हे मावऱ्याचा बोलतात! आंधला मावरा. तो इकडं नाय. माझ्या सासरवाडीला, रानशेतच्या पुढल्या पाड्यावर हाय. पानी तलाला गेला का बायांच्या हंड्यात येतो.” कारकुनांनी सुटकेचा श्वास सोडला. माशाची जात असेल तर तिला दाखला लागत नव्हता.

रानशेत

रानशेतला उतरून आम्ही साग आणि ताडांमधल्या पायवाटेने चालत पाड्यावर पोचलो. मे महिन्याचं ऊन. दादाच्या खांद्यावर जाळं, बरण्या आणि स्पिरिटची मोठी बाटली. माझ्या हातात कागदांची वही आणि दादाची छत्री, कारण दादाला फक्त शास्त्रीय वस्तू ओझं वाटत नाहीत. कुडाची, शेणाने सारवलेली घरं, मध्ये मोकळं अंगण, आणि थोडं खाली काळ्या कातळात खोल गेलेली विहीर. वाकून पाहिलं तर तळाशी ताटाएवढं पाणी.

दादाने मला समजावलं की हा कातळ वरून अखंड दिसला तरी आतून पाण्याने पोखरलेला असतो. त्या बिळांत, गुहांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माशाला डोळ्यांचा उपयोग उरत नाही, मग डोळेच जातात. पाणी आटलं की कधी एखादा चुकून विहिरीत उतरतो. “म्हणजे तू कचेरीत उतरलास तसा,” मी म्हटलं.

पाड्यावरची कर्ती बाई सोमीबाय. केस पांढरे, पाठ ताठ, आणि बोलण्यात सगळ्यांना सरसकट ‘तू’. आम्ही विहिरीच्या काठावर बसलो. एकेक बाई हंडा ओढून घ्यायची आणि दादा त्यात डोकं घालायचा. पहिल्यांदा त्या दचकल्या. मग हसू लागल्या. मग दादा दिसला की लांबूनच हंडा तिरपा करून दाखवू लागल्या. सोमीबायने आम्हाला ताडगोळे फोडून दिले. तो गारेगार, थरथरता गर नखाने सोलून खाताना अर्धा अंगावर सांडतो. दादाच्या शर्टावर त्या दिवशी शास्त्राला वाव राहिला नाही.

उन्हं कलली तेव्हा सोमीबाय स्वतः पाण्याला आली, आणि तिच्या हंड्यात तो आला.

मी पुष्कळ मासे काढले आहेत, पण असा पाहिला नव्हता. बोटाएवढा, केळीच्या कोवळ्या कोंबासारखा फिका, आणि कातडी इतकी पातळ की आतलं रक्त गुलाबी दिसावं. तोंडाशी चार जोड्या मिशा. आणि जिथे डोळे असायचे तिथे काहीच नाही, नुसती गुळगुळीत कातडी. मिशांनी हंड्याचा काठ चाचपत तो सावकाश फिरत होता. दादा गुडघ्यांवर बसला. “इंदू,” तो म्हणाला, “नवी आहे गं. ही जात नवी आहे.” त्याच्याकडे बघता बघता मी वही उघडली आणि पेन्सिल उलटी धरली. नावं ठेवायची सवय असलेल्या माणसाला अशा वेळी फार अडचण होते.

सोमीबाय पदराने कपाळ पुसत उभी होती. “कशाला नेतोस?”

“नाव ठेवायला,” दादा म्हणाला.

“का? काय वंगाल हाय त्याच्यात?”

सगळ्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. दादाने खुलासा केला की नावं ठेवायची नाहीत, नाव ठेवायचं आहे. जगातल्या सगळ्या माशांना नावं असतात, याला नाही. त्यासाठी तो मुंबईला नेऊन या बाटलीत घालायचा, मोजमाप करायचं, लिहायचं. मग नाव लागतं. बाटलीत मासा नसेल तर शास्त्र नाव मानत नाही.

सोमीबायने स्पिरिटचं बूच काढून वास घेतला आणि बाटली लांब धरली. “यात जगल?”

“नाही.”

“मंग तुमच्यात मेल्यावर बारसा करतात?”

दादाने बाटलीकडे पाहिलं. प्राणिशास्त्रात बारशाचा धडा नव्हता. तिने बूच घट्ट लावलं आणि बाटली त्याच्या हातात दिली. “ने. हंड्यात येतो, आमी परत सोडतो, तुला पायजे तर ने. पन बिननावाचा पोर या पाड्यावरना जात नाय. आधी नाव ठेव. जित्तेपनी.”

आमच्या घरात नाव आत्या ठेवते, असं दादा बोलून गेला आणि फसला. “मंग आत्या आनलीस ना संगती!” असं म्हणून तिने मला पुढे ओढलं. एका घरात आड्याला पोराची झोळी टांगलेली होती, तिच्यातलं पोर उचलून मासा सोडलेलं पाण्याचं मडकं ठेवलं. नर की मादी, असा प्रश्न निघाला. दादा म्हणाला, कापल्याशिवाय कळणार नाही. सोमीबाय म्हणाली, एवढी लाजून कडंला जातेय, पोरगीच.

“आता नाव सांग. आत्याला बाप सांगतो ना?”

दादा माझ्या कानाशी आला. हळूच सांगून मोकळा व्हायचा त्याचा बेत होता. सोमीबायने अडवलं. “मोठ्यान सांग. पाड्याला नको का कलाया?”

दादा उभा राहिला. पाडाभरची माणसं, शेळ्या, कुडाला टेकलेली म्हातारी माणसं, सगळी त्याच्याकडे बघत होती. घसा दोनदा साफ करून झाला. बायकोचं नाव सगळ्यांदेखत घ्यायचं आमच्या पिढीत पुरुषांनाही अवघडच, आणि या माणसाने तर ते एकांतातही घेतलेलं नव्हतं.

“वेणू,” तो म्हणाला.

“ऐकू नाय आला.”

“वेणू!”

मी मडक्यात तोंड घालून ‘कुर्रर्र’ केलं आणि नाव सांगितलं. माशाला कान कुठे असतात हे मला दादाने पूर्वी शिकवलं होतं, पण त्या वेळी आठवेना. पाण्याचा थंड वास आला, आणि मिशीचं एक टोक माझ्या नाकाला लागून गेलं.

पुन्हा चिखले

परतीच्या एसटीत कंडक्टरने आम्हाला दारात अडवलं. मासळी आत चालत नाही, टपावर टाका. दादा भडकला. “ही मासळी नाही, हा नमुना आहे!”

“ते दिसतंच हाय,” कंडक्टर दादाच्या ताडगोळ्यांनी माखलेल्या शर्टाकडे बघून म्हणाला, “पन मडक्यात काय हाय?”

शेवटी मडकं माझ्या मांडीवर आणि माझी पिशवी टपावर, अशी तडजोड झाली. वाटेत प्रत्येक खड्ड्याला दादा मडक्यावर वाकून म्हणे, “वेणू, सांभाळ.” मला वाटलं, लग्नापासूनची सगळी बाकी हा माणूस एका प्रवासात चुकती करतो आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी जानकीबाईच्या ओसरीवर मासा काचेच्या बरणीत घेतला आणि मी चित्राला बसले. दादा बरणीपाशी उकिडवा बसून तिला वळवत होता. “वेणू, जरा इकडे.” “वेणू, हलू नकोस गं, इंदूला मिशा मोजू दे.” बोंबील उलटायला निघालेली जानकीबाई दारात थबकली. वहिनीला ती याच नावाने हाक मारायची, हे तिने सांगितलं तेव्हा मला कळलं. दोघी पायरीवर बसून एकमेकींना माहेरच्या नावाने बोलावत असत. जानकीबाई टोपली खाली ठेवून तिथेच बसली.

चित्र दुपारी संपलं. दादाने स्पिरिट दुसऱ्या बरणीत ओतलं, छोटं जाळं हातात घेतलं आणि उन्हाकडे बघितलं.

“उजेड कमी आहे,” तो म्हणाला.

भर दुपारची वेळ होती. मग त्याने स्पिरिटचा वास घेतला आणि ते जुनं झाल्यासारखं वाटतंय असं म्हणाला. मग त्याने हात धुतले. मग जाळं बरणीत घातलं. ती मिशांनी जाळं चाचपत आपण होऊन आत आली, आणि दादाने जाळं वर उचललंच नाही.

“इंदू, तू घाल.”

“मी आत्या आहे,” मी म्हटलं. “माझं काम झालं.”

त्याने जानकीबाईकडे पाहिलं. साऱ्या जन्मात तिने लाखो मासे मारले, कापले, खारवले, वाळवले असतील. ती म्हणाली, “माझ्याकडं नको बघू मास्तर. मी नाव ठेवून कधी मारला नाय.”

दादाने जाळं रिकामं बाहेर काढलं, स्पिरिट परत बाटलीत ओतलं आणि बूच लावलं. “नमुना नाही तर नोंद नाही,” तो मला समजावून सांगू लागला, जसं काही मीच हट्ट धरला होता. “नुसत्या चित्रावर कोण मानणार? ही जात आता पुस्तकात येणार नाही. पुढे कुणाला दुसरा मिळेल, तो बाटलीत घालेल आणि आपल्याला हवं ते नाव देईल. त्याला वेणू कशाला माहीत असणार?” बोलता बोलता त्याचा आवाज फुटला. वहिनी गेली त्या दिवशी तो रडला नव्हता. जानकीबाईच्या ओसरीवर, वाळत्या बोंबलांसमोर, तो लहान मुलासारखा रडला, आणि मीही रडले.

पुन्हा रानशेत

मडकं घेऊन पाड्यावर पोचलो तेव्हा सोमीबाय अंगणात भात पाखडत होती. तिने आधी मडक्यात पाहिलं, मग दादाकडे.

“परत आनलीस? सासरी पटला नाय?”

“नाही,” दादा म्हणाला. “माहेरी आणली.”

तिने सूप बाजूला ठेवलं. ती आमच्यापुढे विहिरीकडे चालू लागली. विहिरीवर दोन बाया पाणी ओढत होत्या, त्यांनी हात थांबवले. दादाने मडक्याला दोर बांधला, गाठ दोनदा तपासली आणि आपल्या हातांनी सावकाश, कुठे धक्का लागू न देता, खाली सोडलं. तळाशी मडकं कलंडलं. फिकी रेघ क्षणभर पाण्यात दिसली, कातळाच्या फटीशी गेली आणि दिसेनाशी झाली.

“नाव काय ठेवलावता रं?” त्या दोघींतल्या एकीने विचारलं. बारशाला ती नव्हती.

दादा काठावर दोन्ही हात टेकून आत वाकला होता. कॉलेजात जायला निघताना रोज दारातून आत सांगायचा, त्याच साध्या आवाजात त्याने खाली अंधारात सांगितलं, “वेणू, येतो गं.”